नजर वळवू नकोस : अकिरा कुरोसावा आणि त्याचा दादा

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो. आजच्या भागात आत्महत्येचा विषय येणार आहे. सध्या मन ठीक नसेल तर हा भाग नंतर कधीतरी ऐका किंवा वाचा, काही बिघडत नाही.

तर, परवा रात्री मी मोबाइलवर 'रेड बियर्ड' बघत होतो. १९६५ चा, ब्लॅक अँड व्हाइट, तीन तासांचा जपानी सिनेमा. त्यात एक प्रसंग आहे. गरिबांच्या दवाखान्यात एक म्हातारा शेवटच्या घटका मोजतोय. दवाखान्याचे मोठे डॉक्टर एका नव्या तरुण डॉक्टरला सांगतात, की याच्याजवळ बस आणि बघ. माणसाचे शेवटचे क्षण नीट बघ. एवढं बोलून ते निघून जातात. आता खोलीत तो तरुण, तो म्हातारा आणि आपण. कॅमेरा म्हाताऱ्याच्या तोंडावर. श्वास अडकतोय, सुटतोय, परत अडकतोय. तरुण डॉक्टरला ते बघवत नाही.

खरं सांगू? मलाही बघवलं नाही. माझा अंगठा आपोआप स्क्रीनच्या उजव्या बाजूला गेला. दहा सेकंद पुढे. आणखी दहा सेकंद पुढे.

मग मी थांबलो, कारण मला एकदम आठवलं की हा प्रसंग ज्याने रचला त्या माणसाच्या बाबतीत हे खरोखर घडलं होतं. सिनेमाच्या बेचाळीस वर्षं आधी. तेव्हा तो तेरा वर्षांचा होता आणि त्याला 'नजर वळवू नकोस' असं सांगणारा होता त्याचा मोठा भाऊ.

दिग्दर्शकाचं नाव अकिरा कुरोसावा. 'सेव्हन सामुराई' वाला. 'शोले' मध्ये गावाच्या रक्षणासाठी भाड्याने माणसं आणायची ही जी कल्पना आहे ना, तिचा माग काढत मागे गेलात तर शेवटी याच्याच दारात पोहोचता. त्याच्या सिनेमांवर खूप बोललं जातं. मला आज त्याच्या दादाबद्दल बोलायचंय. हेइगो कुरोसावा. या माणसाने एकही सिनेमा दिग्दर्शित केला नाही, पण माझ्या मते अकिराचं खरं फिल्म स्कूल म्हणजे हाच.

रडका अकिरा

अकिराचा जन्म २३ मार्च १९१० चा, टोकियोतला. आठ भावंडांत शेंडेफळ. वडील सामुराई घराण्यातले, लष्करी शिस्तीचे, एका शारीरिक शिक्षणाच्या संस्थेत काम करणारे. पण या कडक माणसाची एक गंमत होती. त्या काळी शिकलेली माणसं सिनेमाला नाकं मुरडायची, आणि हे मात्र पोराबाळांना घेऊन सिनेमाला जायचे. सिनेमातून शिकायला मिळतं असं त्यांचं मत होतं.

अकिरा शाळेत अगदी मागे. अंगाने किरकोळ, जरा काही झालं की रडायचा. पोरं चिडवायची. त्याला वर काढलं ते एका मास्तरांनी. त्यांचं नाव ताचिकावा. एकदा त्यांनी मुलांना सांगितलं, की तुम्हाला हवं ते, हवं तसं काढा. अकिराने पेन्सिलीचे रंग थुंकीने ओले करून बोटाने फासले. हात बरबटले. चित्र बघून वर्ग खो खो हसला. मास्तरांनी मात्र सगळ्यांसमोर त्या चित्राचं कौतुक केलं आणि त्यावर लाल शाईने तीन गोल काढले, एकात एक. त्या दिवसापासून हा पोरगा चित्र काढायला लागला आणि हळूहळू बाकीच्या अभ्यासातही वर आला. ते तीन गोल लक्षात ठेवा, शेवटी लागतील.

आता हेइगो. अकिरापेक्षा चार वर्षांनी मोठा आणि हुशार. वर्गात हुशार असतात तसा नाही, अख्ख्या टोकियोत हुशार. पाचवीत असताना शहरातल्या सगळ्या शाळांच्या परीक्षेत तिसरा आला, सहावीत पहिला. पुढचं सगळं जणू ठरल्यासारखंच होतं. आणि मग टोकियोतल्या सगळ्यात नावाजलेल्या माध्यमिक शाळेच्या प्रवेश परीक्षेत तो नापास झाला.

आपल्याकडे दहावी-बारावीच्या निकालानंतर एखाद्या घरात कशी शांतता पसरते, ते तुम्ही पाहिलं असेल. तशीच ती असणार. कुरोसावाने लिहिलंय की त्यानंतर दादा बदलला. शाळेतून मन उडालं आणि तो पुस्तकांत बुडाला. विशेषतः रशियन कादंबऱ्यांत.

धाकट्याशी तो कसा वागायचा? शाळेच्या रस्त्यात टोमणे मारायचा, पण दुसरी पोरं अकिराला त्रास द्यायला लागली की कुठूनतरी हजर व्हायचा. एकदा त्याने अकिराला होडीत बसवून नदीत नेलं आणि सरळ पाण्यात ढकलून दिलं. पोराला धड पोहता येत नव्हतं. गटांगळ्या खाऊन तो बुडायला लागला तेव्हा कुठे दादाने हात धरून वर ओढला. आणि परतताना काय म्हणाला असेल? की बुडणारी माणसं मरताना हसतात म्हणे, ते खरं आहे, तूसुद्धा हसत होतास.

असा दादा. आजच्या भाषेत याला आपण सरळ 'टॉक्सिक' म्हणून मोकळे होऊ. मीही आधी तेच म्हणालो होतो.

१ सप्टेंबर १९२३

दुपारी बारा वाजायला दोन मिनिटं कमी होती. टोकियो-योकोहामा परिसरात प्रचंड भूकंप झाला. जेवणाची वेळ, घराघरात चुली पेटलेल्या, घरं लाकडाची. जमीन हलून जेवढी माणसं मेली त्याच्या कितीतरी पट नंतरच्या आगींनी मारली. एकूण मृत्यू एक लाखाहून जास्त. सुमिदा नदीजवळ लष्कराच्या कपड्यांच्या जुन्या कोठाराची मोकळी जागा होती. लोक जीव वाचवायला सामानसुमान घेऊन तिथे जमले. आगीचं वावटळ आलं आणि त्या एकाच मैदानात तीस हजारांहून जास्त माणसं जळाली.

यापेक्षाही वाईट गोष्ट नंतर घडली. अफवा उठली की कोरियन लोक विहिरींत विष टाकतायत. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता आणि टोकियोत कोरियन मजूर राहायचे. व्हॉट्सॲप नव्हतं, तरी अफवा शहरभर पसरली. जमावांनी, काही ठिकाणी पोलीस आणि सैनिकांनीही, हजारो कोरियन माणसांना ठार मारलं.

कुरोसावाने आठवणींत दोन प्रसंग सांगितलेत. त्याच्या वडिलांना भरघोस दाढी होती. तेवढ्यावरून काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना कोरियन समजून घेरलं. वडील जोरात ओरडले, मूर्खांनो! आणि जमाव पांगला. दुसरा प्रसंग तर हसावं की रडावं असा. मोहल्ल्यातल्या लोकांनी सांगितलं, की अमुक विहिरीचं पाणी पिऊ नका, तिच्या कठड्यावर खडूने विचित्र खुणा केल्यात, ही विष टाकणाऱ्यांची सांकेतिक भाषा आहे. तेरा वर्षांच्या अकिराने जाऊन पाहिलं. त्या खुणा त्यानेच खेळताना काढलेल्या रेघोट्या होत्या.

जरा विचार करा. आपण गंमत म्हणून केलेल्या रेघोट्या, आणि त्यांच्यावरून कुणाचा जीव जाऊ शकला असता. एकच गोष्ट चार माणसं चार प्रकारे कशी बघतात यावर या मुलाने पुढे 'राशोमोन' काढला, याचं मला तरी मग फारसं आश्चर्य वाटत नाही.

आगी विझल्यावर हेइगो म्हणाला, चल, शहर बघून येऊ. अकिराला वाटलं सहलच. पण नदीच्या दिशेने जाताना प्रेतं दिसायला लागली. जळलेली, बुडालेली, पुलांवर, पाण्यात, एकमेकांवर रचल्यासारखी. अकिराने डोळे मिटले, मान फिरवली. दादा ओरडला, नीट बघ. तो त्याला पुढे पुढे नेत राहिला, त्या मैदानापर्यंत.

रात्री अकिराला खात्री होती की आता झोप येणार नाही, वाईट स्वप्नं पडणार. तसं काहीच झालं नाही. तो गाढ झोपला. सकाळी त्याने दादाला विचारलं, हे कसं? दादाच्या उत्तराचा अर्थ साधारण असा होता : भीतीदायक गोष्टीकडे बघून डोळे मिटलेस तर भीती आत राहते. सरळ बघितलंस तर घाबरण्यासारखं काही उरत नाही. कुरोसावाने पुढे लिहिलं, की ती भटकंती म्हणजे भीतीवर मात करण्याचीच एक मोहीम होती.

मला हे तंत्र म्हणून पटत नाही, हेही सांगतो. तेरा वर्षांच्या मुलाला असं कुणी नेऊ नये. पण इतिहास सांगताना आपल्याला काय आवडलं असतं ते बाजूला ठेवावं लागतं. तसं घडलं. आणि त्या मुलाचे डोळे त्या दिवशी बदलले.

पडद्याशेजारचा माणूस

हेइगो पुढे काय झाला? बेन्शी.

हा शब्द नवा असेल. तेव्हाचे सिनेमे मूक. जपानमध्ये पडद्याच्या बाजूला उभं राहून एक माणूस सिनेमा 'सांगायचा'. सगळ्या पात्रांचे आवाज तोच काढायचा, परदेशी चालीरीती समजावायचा, प्रेक्षकांना रडवायचा, हसवायचा. तोच बेन्शी. आपल्याकडे सिंधुदुर्गात पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून रामायणातली कथा गातात ना, साधारण त्या जातकुळीतलं काम. मूकपटांच्या काळात आपल्याही थिएटरांत पाट्या मोठ्याने वाचून दाखवणारी माणसं असायची. पण जपानमध्ये बेन्शी हा स्टार होता. लोक सिनेमा कोणता आहे ते नंतर बघायचे, आधी विचारायचे, सांगणार कोण?

हेइगो आधी सिनेमांच्या माहितीपत्रकांत लिहायचा, मग स्वतः मंचावर उभा राहिला. परदेशी सिनेमे ही त्याची खासियत. नाव घेतलं सुदा तेइमेई. चांगलं नाव झालं. टोकियोत असाकुसाच्या थिएटरात तो मुख्य बेन्शी झाला.

आणि धाकट्याला तो सांगायचा, हा बघ, तो बघ. 'द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगारी', चॅप्लिनचा 'द गोल्ड रश', आबेल गान्सचा 'ला रू'. कुरोसावाने आत्मचरित्रात त्या वर्षांत पाहिलेल्या सिनेमांची यादीच दिलीय, जवळपास शंभर नावांची. ती वाचून मी थक्क झालो. आज फिल्म स्कूलच्या अभ्यासक्रमात जे असतं, त्यातलं बरंच या पोराने विशीच्या आत थिएटरात पाहिलं होतं, बहुतेक दादाच्या सांगण्यावरून.

अकिराला स्वतःला मात्र चित्रकार व्हायचं होतं. आर्ट स्कूलची प्रवेश परीक्षा तो नापास झाला. तरी १९२८ मध्ये एका मोठ्या प्रदर्शनात त्याचं चित्र लागलं. मग तो डाव्या विचारांच्या कलाकारांच्या संघटनेत गेला, बेकायदा वृत्तपत्राचं काम केलं, पोलिसांपासून लपत फिरला, आजारी पडला. १९३२ च्या सुमारास हे सगळं सोडून तो दादाच्या गल्लीत राहायला आला. दाटीवाटीची गरीब वस्ती. दादाच्या पासवर थिएटरं फुकट. रात्री गप्पा ऐकायच्या, कथा सांगणाऱ्यांच्या मैफलींना जायचं, दिवसभर सिनेमे बघायचे. पुढे त्याच्या सिनेमांत ज्या झोपड्या, जी उकिरड्याशेजारची माणसं दिसतात, त्यांच्यातली बरीच इथली आहेत.

बोलपट आला

आता तारखा जुळवून बघा. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला आणि आपला सिनेमा बोलायला लागला. पुढच्याच वर्षी मराठीत 'अयोध्येचा राजा'. आपण याकडे नेहमी आनंदाने बघतो. सिनेमाला आवाज मिळाला!

जपानमध्येही १९३१ लाच बोलपटांनी जम बसवायला सुरुवात केली. परदेशी सिनेमे आता आवाजासकट यायला लागले, खाली जपानी अक्षरं. मग बाजूला उभा राहून सांगणाऱ्याचं काय काम? थिएटरांनी बेन्शींना आणि वाजवणाऱ्यांना काढायला सुरुवात केली. हजारो माणसांची पोटापाण्याची कला दोन-चार वर्षांत संपली. आवाजाची कला, आणि ती संपवली आवाजानेच.

बेन्शींनी संप केला. संप समितीचा प्रमुख कोण होता? हेइगो. संप फसला. पुढारी असल्यामुळे त्याची अवस्था सगळ्यात कठीण झाली. लढून काही होणार नाही हे त्याला दिसत होतं आणि मागे हटायची सोय नव्हती.

तो आधीपासूनच म्हणायचा, की मी तिशीच्या आधी मरणार. रशियन पुस्तकातलं काहीतरी डोक्यात बसलेलं. आईला काळजी वाटायची. अकिराने तिला समजावलं, की अगं, जी माणसं मरायच्या गोष्टी बोलतात ती काही मरत नाहीत.

जुलै १९३३ मध्ये हेइगोने आयुष्य संपवलं. तो सत्तावीस वर्षांचा होता.

अकिराचं ते वाक्य त्याला आयुष्यभर टोचत राहिलं. आणि मी इथे थांबून ठामपणे सांगतो, ते वाक्य चूक आहे. आपल्याकडेही लोक सर्रास म्हणतात, बोलणारा काही करत नसतो. जो बोलतो, त्याचं ऐकून घ्या. अकिरा तेव्हा तेवीस वर्षांचा होता, त्याला माहीत नव्हतं. आपल्याला माहीत आहे.

चार महिन्यांनी थोरला भाऊही आजाराने गेला. आता घरात मुलगा म्हणून अकिरा एकटाच उरला. चित्रं विकली जात नव्हती आणि स्वतःची अशी नजर आपल्याकडे नाही असं त्याला वाटायला लागलं होतं.

एक विचित्र जाहिरात

१९३५ मध्ये त्याने पेपरात जाहिरात पाहिली. पी. सी. एल. नावाच्या स्टुडिओला सहायक दिग्दर्शक हवेत. अर्जासोबत निबंध लिहायचा होता : जपानी चित्रपटांतले मूलभूत दोष कोणते आणि ते दूर कसे करावेत. अकिराने थोडं खट्याळपणे लिहिलं, की दोष जर मूलभूतच असतील तर ते दूर कसे होणार?

शेकडो अर्जांतून मोजकी मुलं घेतली, त्यात हा.

आता यातली खोच बघा. हा पी. सी. एल. स्टुडिओ मुळात सुरू झाला होता तो बोलपटाच्या तंत्रासाठी, फिल्मवर आवाज चढवण्याचं काम करणारी प्रयोगशाळा म्हणून. ज्या तंत्राने दादाची रोजीरोटी गेली, त्याच तंत्राच्या दारातून धाकटा आत गेला. यावर कुरोसावाने मोठं भाष्य केलेलं माझ्या वाचनात नाही. मला मात्र ही जोडणी विसरता येत नाही.

तिथे त्याला दुसरा मोठा भाऊ भेटला म्हणायला हरकत नाही. दिग्दर्शक काजिरो यामामोतो. सगळे त्यांना प्रेमाने यामा-सान म्हणायचे. शिकवायची पद्धत हेइगोच्या अगदी उलट. पाण्यात ढकलायचे तेही, पण हात धरून. म्हणायचे, दिग्दर्शक व्हायचंय ना, मग आधी पटकथा लिही. संकलन शीक. सहायकांनी केलेल्या कामात चूक राहिली तरी ते ती कधीकधी सिनेमात तशीच ठेवायचे. थिएटरात बसून पोराला स्वतःची चूक दिसली पाहिजे, मग त्यात आपलं नाव खराब झालं तरी चालेल! 'उमा' म्हणजे 'घोडा' हा १९४१ चा सिनेमा. त्याच्या बाहेरगावच्या चित्रीकरणाचा मोठा भार त्यांनी अकिरावरच टाकला होता. आणि हा गडी दिवसभर राबून रात्री अंथरुणात पडून पटकथा लिहायचा. पुढे तो तरुणांना हिशोब सांगायचा : रोज एक पान लिहा, वर्षात ३६५ पानं होतात.

१९४३ मध्ये त्याचा पहिला सिनेमा आला, 'सान्शिरो सुगाता'. ज्यूदो शिकणाऱ्या एका मुलाची गोष्ट. वय ३३.

जिथे नजर वळली

इथे मी गोष्ट गोड करून संपवली असती तर सोपं होतं. पण हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे.

१९४३ म्हणजे युद्धाचा काळ. पुढच्या वर्षी कुरोसावाने 'द मोस्ट ब्यूटिफुल' काढला. लष्करासाठी भिंगं बनवणाऱ्या कारखान्यातल्या मुलींवर. सरळ प्रचारपट. ज्याने बघायला शिकवलं गेलं होतं तो माणूस देशात चाललेल्या मोठ्या अन्यायाकडे तेव्हा बघत नव्हता, किंवा बघून गप्प होता. सेन्सॉरवर तो चिडायचा, भांडायचा, पण लष्करशाहीला उघड विरोध त्याने केला नाही. हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात कबूल केलंय. आपण प्रतिकार केला नाही, वेळ पडली तेव्हा जुळवून घेतलं, असं.

ही कबुली मला महत्त्वाची वाटते. दादाने शिकवलेला धडा एका दिवसात मिळाला होता, तो अंगी बाणायला मात्र वर्षं लागली. युद्ध संपल्यावरचे सिनेमे बघा. 'ड्रंकन एंजल' मध्ये (१९४८) गटाराशेजारची वस्ती. ते चित्रीकरण चालू असतानाच वडील वारले. त्या दिवशी कुरोसावा सुन्न होऊन रस्त्याने हिंडत होता आणि कुठल्यातरी लाउडस्पीकरवर एक आनंदी, उडतं गाणं वाजत होतं. त्या गाण्याने त्याचं दुःख कमी झालं नाही, दुप्पट झालं. त्याने तीच धून सिनेमात घेतली. नायक खचून रस्त्याने चाललाय आणि मागे ती गमतीदार चाल. स्वतःच्या वडिलांच्या मृत्यूच्या दिवशीसुद्धा आपल्याला काय होतंय याकडे हा माणूस नीट बघत होता.

'इकिरू' (१९५२) सुरू होतो एका एक्स-रेने. आणि एक आवाज आपल्याला सांगतो, की हे या गोष्टीतल्या नायकाचं पोट आहे, यात कॅन्सर आहे, त्याला अजून माहीत नाही. हा आवाज कुठल्याही पात्राचा नाही. पडद्याच्या बाजूला उभं राहून कुणीतरी आपल्याला गोष्ट सांगतंय, असं वाटतं. हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही. पण मला तो आवाज ऐकला की हेइगो आठवतो.

निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह

१९५१ मध्ये 'राशोमोन' ला व्हेनिसचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. तो सिनेमा तिथे पाठवला गेलाय हेसुद्धा कुरोसावाला माहीत नव्हतं. तो मासे पकडायला गेला होता, गळाची दोरी तुटली म्हणून वैतागून घरी आला, तेव्हा बायकोने दारात अभिनंदन केलं. त्यानंतरची कहाणी जगाला माहीत आहे.

पण १९७१ ची गोष्ट कमी सांगितली जाते. आधीचा सिनेमा पडलेला, पैसे द्यायला कुणी तयार नाही. जपानमध्ये टीव्ही आल्यावर स्टुडिओ कोसळत होते. परत तेच बघा, नवं तंत्र, जुनी माणसं रस्त्यावर. आणि ६१ वर्षांच्या कुरोसावाने आत्महत्येचा प्रयत्न केला. तो वाचला. मग सोव्हिएत रशियाने बोलावलं, सैबेरियाच्या जंगलात त्याने 'देर्सू उझाला' केला (१९७५), त्याला ऑस्कर मिळालं. पुढच्या 'कागेमुशा' साठी पैसे जमेनात, तेव्हा त्याने हात जोडून बसण्याऐवजी अख्खा सिनेमा कागदावर रंगवून काढला. शेकडो चित्रं. ताचिकावा मास्तरांचे ते तीन लाल गोल साठ वर्षांनी असे कामाला आले. शेवटी कोपोला आणि जॉर्ज लुकास या त्याच्या चाहत्यांच्या मदतीने सिनेमा झाला आणि १९८० मध्ये कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. ६ सप्टेंबर १९९८ ला तो गेला, वयाच्या ८८ व्या वर्षी.

एक सावधगिरीची सूचना. हेइगोबद्दल मी आज जे सांगितलं त्यातलं बहुतेक अकिराच्याच तोंडून आलेलं आहे, त्याच्या 'समथिंग लाइक ॲन ऑटोबायोग्राफी' या पुस्तकातून. साठी उलटलेला भाऊ सत्तावीस वर्षांच्या भावाला आठवतोय. आणि गंमत म्हणजे हे पुस्तक तो 'राशोमोन' पाशीच थांबवतो. माणूस स्वतःबद्दल बोलताना थोडंफार रंगवल्याशिवाय राहत नाही, हाच त्या सिनेमाचा विषय आहे. म्हणजे माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवू नका, असं लेखकानेच शेवटी सांगून टाकलंय.

त्याच पुस्तकातला एक प्रसंग सांगून थांबतो. मुसेई तोकुगावा म्हणून एक नामवंत बेन्शी होते. बोलपट आल्यावर ते नट झाले, तरले. ते हेइगोला ओळखायचे. एकदा त्यांनी अकिराकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, की तू अगदी तुझ्या भावासारखा दिसतोस, फक्त तो निगेटिव्ह होता आणि तू पॉझिटिव्ह आहेस. त्यांना म्हणायचं होतं ते स्वभावाबद्दल. कुरोसावाने ते फिल्मच्या भाषेत घेतलं. निगेटिव्हशिवाय पॉझिटिव्ह निघत नाही. दादा होता म्हणून मी उमटलो.

मला वाटतं, दोघांनीही अंधाराकडे सरळ बघितलं. हेइगो बघत असताना त्याच्याबरोबर कुणी नव्हतं. अकिराच्या बाजूला आधी दादा होता, मग यामा-सान. 'रेड बियर्ड' मधला तरुण डॉक्टरही पुढे शिकतो ते मोठ्या डॉक्टरांच्या सोबतीने. भयंकर गोष्टीकडे बघायला हवंच, पण एकट्याने नको. हेइगोच्या धड्यात हा अर्धा भाग राहून गेला होता.

तर मी परवा रात्री काय केलं? वीस सेकंद मागे गेलो. तो प्रसंग पूर्ण बघितला. अंगठा खिशात ठेवून.

ज्यांनी कुरोसावा अजून बघितला नाही त्यांनी 'इकिरू' पासून सुरुवात करा, सामुराई नंतर येतीलच. तुमच्या घरात नवं तंत्र आल्यामुळे काम गेलेलं कुणी असेल, छपाईतलं, फोटो स्टुडिओतलं, थिएटरातलं, तर त्यांची गोष्ट आम्हाला नक्की पाठवा. आणि आजचं ऐकून मनात काही हललं असेल, तर जवळच्या माणसाशी बोला, किंवा १४४१६ या टेली मानसच्या नंबरवर फोन करा. तो फुकट आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.